आठ दिवे, चार जोड्या

बंद पडलेल्या वस्तूचं एक बरं असतं. तिच्याबद्दल घरात दुमत होत नाही. मिक्सर फिरला नाही, गिझर तापला नाही की माणूस मुकाट्याने दुरुस्तीवाल्याला फोन लावतो. खरा छळ असतो तो रखडत चालणाऱ्या वस्तूंचा. त्यांच्याविषयी कुरकुर करावी, तर घरातलंच कोणीतरी म्हणतं, ‘चालतंय की! मघाशी मी लावलं होतं.’ मग वस्तू राहते बाजूला आणि कुरकुर करणाऱ्याचीच उलटतपासणी सुरू होते. तुला धीर नाही, तुझा लॅपटॉप जुना झालाय, तू एका वेळी छप्पन्न गोष्टी उघडून ठेवतेस.

घरातल्या नेटच्या वायरी या रखडणाऱ्या जमातीतल्या. त्यातून त्या भिंतीत गाडलेल्या असल्या, तर पुरावासुद्धा गिलाव्याखाली गेलेला असतो.

नाशिकला पाथर्डी फाट्याकडे माझ्या बहिणीचं रो हाउस आहे. ते बांधलं जात होतं तेव्हा नेट म्हणजे डोंगल, इतपतच आमची समज होती. पण बिल्डरने प्रत्येक खोलीत नेटचा पॉइंट कबूल केला होता, त्यामुळे भिंतींना झिऱ्या मारल्या गेल्या, पाइप पडले, लाइटच्या जोडीने टीव्हीची, फोनची आणि नेटची वायर ओढली गेली. मग प्लास्टर, पुट्टी, रंग. सगळ्या नेटच्या वायरींची टोकं जिन्याखालच्या एका पेटीत आणून सोडली. पुढे कित्येक वर्षं त्या पॉइंटना कोणी काही काम सांगितलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्यावरून फडकं फिरे, एवढाच त्यांचा मानपान.

२०२० च्या मार्चमध्ये देश बंद झाला आणि हिंजवडीतून, ऐरोलीतून, बंगळुरूहून नाशिकची पोरं लॅपटॉप काखोटीला मारून घरी परतली. इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोड, कुठेही जा, घरातली एक तरी खोली ऑफिस झालेली. माझी भाची वरच्या खोलीत बसली. राउटर खाली जिन्यापाशी. त्याचं वायफाय स्लॅब ओलांडून वर पोचेपर्यंत दमून जायचं. तेव्हा कुठे भिंतीतून लोंबणाऱ्या त्या वायरीची आठवण झाली. ती लॅपटॉपला खुपसली, हिरवा दिवा लागला, सगळे खूश झाले. आणि मीटिंगमध्ये हिचा आवाज चिरायला लागला. मध्येच चेहरा गोठायचा, मोठी फाइल वर चढता चढता अडून बसायची. वायर काढून परत लावली की थोडा वेळ बरं. नेटवाल्याचा माणूस येऊन मोबाइलवर स्पीड दाखवून गेला, ‘आमच्याकडून सगळं ओके आहे.’ त्याच्या बाजूने ते खरंही होतं. शेवटी भाची म्हणाली, ‘मामा, तू एकदा बघ ना.’ उघडलेल्या बोर्डात डोकं घालायची माझी सवय घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

अशा वेळी बाहेरून आत यायचं असतं. आधी लॅपटॉप थेट राउटरला छोट्या वायरीने जोडला. वेग पुरा मिळाला. म्हणजे नेटवाला सुटला, लॅपटॉप सुटला, राउटर सुटला. उरली भिंत. मग एकेका खोलीत जाऊन जोडणी कितीची लागते ते पाहिलं. लॅपटॉप ते सांगतो: १००० किंवा १००, म्हणजे सेकंदाला तितके मेगाबिट. खालच्या बेडरूममध्ये कायम १००. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत १०००, ठणठणीत. वरच्या खोलीत कधी १०००, कधी १००, आणि मधूनच क्षणभर काहीच नाही.

यानंतर टेस्टर. एम. जी. रोडवर काही शे रुपयांत मिळतो. दोन प्लास्टिकचे ठोकळे. एक वायरीच्या या टोकाला लावायचा, दुसरा त्या. बटण दाबलं की एक ते आठ आकड्यांसमोरचे बारीक दिवे ओळीने पेटत जातात. वायरीत आठ तारा, म्हणून आठ दिवे. खालच्या बेडरूमचा आठवा दिवा लागलाच नाही. स्वयंपाकघराशेजारच्या वायरीचे दिवे पलीकडे ३, ६, १, ४, ५, २, ७, ८ असे उड्या मारत पेटले. आणि वरची खोली, जिने घर वेठीला धरलं होतं, तिचे आठही दिवे एक-दोन-तीन करत शहाण्यासारखे पेटले. पैकीच्या पैकी गुण.

यातली पहिली दोन कोडी सोपी होती. जुन्या १०० च्या पद्धतीला आठांपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६. उरलेल्या चार नुसत्या सोबतीला असतात. १९९९ मध्ये तांब्याच्या वायरीवरून १००० चा वेग देणारं जे मानक आलं, त्याने मात्र आठही तारा कामाला लावल्या. आठवी तुटली की यंत्रं आपसात ठरवून खालच्या वेगावर उतरतात आणि काम चालू ठेवतात. कोणाला काही सांगत नाहीत. उड्या मारणाऱ्या दिव्यांचं कारण वेगळं. तारांचा क्रम लावायच्या दोन मान्य पद्धती आहेत, ए आणि बी. कोणतीही घ्या, फक्त दोन्ही टोकांना एकच घ्या. इथे एका टोकाला ए होती, दुसऱ्याला बी. पूर्वी यावर डोकं धरून बसावं लागलं असतं; आताची यंत्रं तारांची अदलाबदल ओळखून स्वतःच सावरून घेतात. म्हणजे ज्या वायरीला टेस्टरने नापास केलं ती उत्तम चालत होती आणि जिला त्याने पास केलं तीच रडत होती.

वरच्या वायरीचं टोक खिडकीपाशी उजेडात धरलं. कनेक्टरचं प्लास्टिक पारदर्शक असतं, त्यामुळे आतले रंग ओळीने दिसतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्रत्येक रंगाची जोडी शेजारी-शेजारी, नीटनेटकी. जिन्याखालच्या टोकालाही हुबेहूब तेच. बी पद्धतीचा खरा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. म्हणजे हिरव्याची जोडी फोडायची आणि तिच्या मधोमध निळ्याची जोडी बसवायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हाच क्रम चुकीचा वाटावा.

टेस्टर का फसला, हे इथे कळतं. त्याचा प्रश्न एवढाच असतो की एक नंबरला सोडलेली वीज पलीकडे एक नंबरला पोचली का. दोन्ही टोकांना चूक सारखीच असेल, तर उत्तर ‘हो’ येतं. वीज पोचतेच. पण नेटवर्कच्या वायरीत एकटी तार काही बोलत नाही. बोलते ती जोडी. एकाच संदेशाची सुलट आणि उलट अशी दोन रूपं जोडीतल्या दोन तारांवरून एकाच वेळी निघतात आणि पलीकडचं यंत्र त्या दोघींतला फरक मोजतं. वाटेत बाहेरचा काही उपद्रव झाला, शेजारून लाइटची वायर गेली, पंख्याचा रेग्युलेटर कुरकुरला, तर तो दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि फरक काढताना वजा होऊन जातो. मात्र तो सारखा बसायला हवा, म्हणजे दोघींनी एकमेकींना बिलगून राहायला हवं. म्हणून त्यांना पीळ दिलेला असतो. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, कारण शेजारच्या दोन जोड्या सारख्या वळणाने गेल्या तर त्यांच्या तारा ठरावीक जागी पुन्हा पुन्हा समोरासमोर येतील.

आता वरच्या खोलीत काय झालं पाहा. यंत्राच्या लेखी ३ आणि ६ ही जोडी. पण भिंतीतल्या ३ नंबरला होती पांढरी-हिरवी आणि ६ नंबरला निळी. एकीचा पीळ हिरवीशी, दुसरीचा पांढऱ्या-निळीशी. ज्यांनी बिलगून जायचं त्या वेगळ्या, आणि ज्या परक्या त्या मिठीत. ३-६ चं बोलणं ४-५ मध्ये झिरपतं, ४-५ चं ३-६ मध्ये. काम थोडं असलं की हे खपून जातं. मीटिंग सुरू झाली, दोन्हीकडून माहितीचा लोंढा निघाला की झिरपणं वाढतं, तुकडे खराब होतात, परत मागवावे लागतात, आणि पडद्यावरचा चेहरा गोठतो.

ज्यांनी लँडलाइन वापरलाय त्यांना हे झिरपणं कानांनी ठाऊक आहे. त्याला आपण क्रॉस कनेक्शन म्हणायचो. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलीत पाणी शिरलं की आपला मावशीशी चाललेला संवाद आणि कोणा व्यापाऱ्याचा लासलगावच्या कांद्याच्या भावावरून चाललेला वाद एकाच वेळी कानावर पडायचा. काही लोक शरमून फोन ठेवत. काही सौदा ठरेपर्यंत ऐकत बसत. टेलिफोनइतकीच ही कटकट जुनी आहे. तिच्यावर उपाय म्हणून पिळाच्या जोडतारेचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ च्या जुलैमध्ये घेतलं. त्यानंतर सहा महिन्यांनी, १८८२ च्या जानेवारीत, मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. उघड्या तारांच्या काळात खांबांवरून जाणाऱ्या टेलिफोनच्या जोडतारांचीही ठरावीक अंतराने जागा बदलत: डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. तो मैलोगणती लांबवलेला पीळच होता. टेलिफोन ज्या उपायाने नीट ऐकू येऊ लागला, त्याच उपायावर आज पाथर्डी फाट्यावरची मीटिंग उभी आहे.

आणि तो विचित्र क्रमही टेलिफोनचाच वारसा. फोनच्या छोट्या पिनेत मधल्या दोन तारा म्हणजे पहिली लाइन. दुसरी लाइन घ्यायची तर तिच्या तारा पहिलीच्या दोन बाजूंना. एकीच्या पोटात दुसरी अशी ती रचना होती. पुढे संगणकांसाठी आठ तारांचा कनेक्टर ठरवताना टेलिफोनशी जुळवून घ्यायचं होतं. फोनची पिन त्याच खाचेत बसली तरी चालली पाहिजे होती. म्हणून मधली ४-५ ही निळी जोडी फोनच्या जागेवर राहिली आणि ३-६ तिच्या दोन बाजूंना. बाहेरच्या दोन जोड्या मात्र अशाच पसरल्या असत्या तर फार लांब गेल्या असत्या. त्यांना १-२ आणि ७-८ अशा शेजारच्या जागा दिल्या. निम्मा क्रम जुन्या गरजेचा, निम्मा नव्या. नेटच्या जॅकमध्ये फोनची पिन आता कोण खुपसतं? पण क्रम राहिला, कारण जगातली सगळी यंत्रं तो धरूनच बनली.

नाशिककराला याचं आश्चर्य वाटू नये. दहीपुलापासून सराफ बाजाराकडे चालत जा, पायाखाली सरस्वती नाला आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. वर दुकानं, रस्ता, गर्दी. मोठा पाऊस झाला की त्याच भागात पाणी का भरतं, हे मात्र जुन्या दुकानदाराला सांगावं लागत नाही. गाडलेलं कारण दिसत नसलं तरी आपला हिशेब वसूल करतंच.

भिंतीतल्या वायरी ज्याने टाकल्या होत्या तो वायरमन त्याच भागात अजून कामं करत होता. लॉकडाउन सैल झाल्यावर त्याला बोलावलं. चाळिशीतला माणूस, सातपूरच्या आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केलेला, हाताला स्वच्छ. मी कनेक्टर दाखवला. तो म्हणाला, ‘काका, टेस्टर मारून दिला होता. आठच्या आठ दिवे लागले होते.’ मी म्हटलं, अजूनही लागतात. मग त्याला रंगांचा क्रम सांगितला, तेव्हा तो थोडा चिडलाच. ‘जोडीला जोडी लावली की हो मी! निळी मध्ये घुसवून हिरवीची जोडी फोडायची, हे कुठलं शास्त्र?’

त्याचा प्रश्न रास्त होता. लाइटच्या कामात तो रंग पाळतो: लाल, पिवळा, निळा फेजला, काळा न्यूट्रलला, हिरवा अर्थिंगला. तिथे चूक झाली तर झटका बसतो, एमसीबी पडतो, वास येतो. वीज स्वतःच चुकीची चहाडी करते. या वायरीत झटका नाही, वास नाही. त्याने रंगांकडे पाहिलं, चार जोड्या दिसल्या, त्या त्याने समजूतदारपणे एका ओळीत बसवल्या आणि दोन्ही टोकांना इमानदारीने तसंच केलं. बेफिकीर माणसाच्या हातून एका टोकाला एक आणि दुसऱ्याला भलतंच झालं असतं, दिवे उलटसुलट पेटले असते, आणि पहिल्याच दिवशी सापडलं असतं. याचा नेटकेपणा आड आला. विचार करून केलेली, दोन्हीकडे सारखी केलेली चूक तपासणीतून सुखरूप पार पडते, याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं. कचेऱ्यांच्या नोंदवह्यांतून आणि शाळांच्या निकालपत्रकांतूनही अशा चुका वर्षानुवर्षं नांदत असणार. दोन प्रती ताडून पाहिल्या, जुळल्या, सही झाली. दोन्ही प्रती एकाच चुकीवरून उतरवल्या असतील, ही शंका ताडणाऱ्याला येत नाही.

दुरुस्ती तशी घडीभराची. त्याने कनेक्टर कापून टाकले आणि लोंबत्या टोकाऐवजी भिंतीत रीतसर जॅक बसवायचं ठरवलं. जॅकच्या अंगावर ए आणि बी दोन्ही क्रमांचे रंग छापलेलेच असतात. वरचं आवरण गोल फिरवून काढलं. चार जोड्या एकमेकींवर रेललेल्या बाहेर आल्या. तो सवयीने पीळ बोटभर उलगडायला लागला, तेव्हा त्याला थांबवलं: अर्ध्या इंचाहून जास्त सोडवायचा नाही. तो हसून म्हणाला, ‘सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं आपणच काढत होतो.’ मग एकेक तार आपापल्या रंगाच्या खाचेत ठेवून दाबयंत्राचा खटका. आठ खटके या टोकाला, आठ त्या टोकाला.

खालच्या बेडरूमच्या आठव्या तारेने अधिक घाम काढला. ती बोर्डाजवळ तुटली होती. नवं टोक काढायला गेलो तर पुन्हा मोडली. मग ब्लेडने खरवडून पाहिली. वरून तांबूस, आत चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. असली वायर स्वस्त पडते, वजनाला हलकी, वाकवली की मोडते, आणि मानकात बसत नाही. दुकानात विचारतात, ‘प्युअर कॉपर देऊ की साधी?’ साधी म्हटलं की ही मिळते. ३०५ मीटरचं खोकं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं तरी फरक कळतो, पण खोकं उचलून पाहतो कोण? नवी तांब्याची वायर आणली, जुन्या वायरीच्या शेपटाला चिकटपट्टीने बांधली, पाइपात टाल्कम पावडर फुंकली. बहीण पेटीपाशी बसून वायर आत सरकवत होती, वायरमन बोर्डापाशी ओढत होता. एका वळणावर अडली. दोन्हीकडून मागे-पुढे करत, शिव्या न देता, सुटली. तांब्याचं टोक भिंतीतून बाहेर आलं तेव्हा पावडरीने पांढरंफटक झालं होतं.

काम चालू असताना त्याने सांगितलं की या धंद्यात पैसे पॉइंटवर मिळतात. एका पॉइंटचे इतके, मग तो पंख्याचा असो की नेटचा. मोजायला सोपं. पण पॉइंट म्हणजे भिंतीवरची चौकोनी प्लेट. दोन पॉइंटांमधल्या वायरीचा गुण कोणी मोजत नाही, त्यामुळे त्याचे पैसेही कोणी देत नाही. एका जोडीचं बोलणं दुसरीत किती झिरपतं हे मोजणारी यंत्रं आहेत, पण त्यांची किंमत लाखांत. घराघरातून फिरणाऱ्या वायरमनला ती परवडण्यातली नाहीत. त्याच्या ऐपतीतली परीक्षा एकच: डोळ्यांनी रंग पाहायचे, आणि मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे भलीमोठी फाइल पाठवून वेग पडतो का ते पाहत बसायचं. ‘बसायचं’ हा त्यातला महाग भाग.

त्याने ते मनावर घेतलं. आता तो प्रत्येक जॅकचा, प्लेट बंद करण्याआधी, मोबाइलवर फोटो काढतो आणि घरमालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवतो. पेटीच्या दाराला आतून कागद चिकटवतो: कोणती वायर कोणत्या खोलीची, दोन्ही टोकं बी. आणि कोटेशनमध्ये तळाशी एक नवी ओळ टाकतो, ‘लाइन तपासणी, प्रत्येकी इतके’. घासाघीस नेमकी त्याच ओळीवर होते. दिवे लागतायत ना, मग याचे वेगळे पैसे कशाला, असं गिऱ्हाईक विचारतं, आणि बहुतेक वेळा ती ओळ खोडली जाते.

माझ्या ओळखीत कोणी घर बांधायला काढलं की मी सांगतो, कमी करायचं तर फरशीत करा, त्या ओळीला हात लावू नका. फरशी वाकडी बसली तर वास्तुशांतीलाच दहा पाहुणे दाखवून देतात. वायर वाकडी बसली तर ती दिसायला घरातल्या कोणाची तरी नोकरी पणाला लागावी लागते.